कोरडवाहूचा मॅनेजर

तिसगावच्या गहिनीनाथाचं आणि सुराचं हाडवैर. देवळात आरतीला उभा राहिला की शेजारचा माणूस हळूच सरकून पुढच्या रांगेत जातो. लग्नात त्यानं नाव घेतलं तेव्हा मांडवाबाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं, हे त्याची बायको मनकर्णा अजून चारचौघांत सांगते. तरी ह्या बाबाचं सगळं आयुष्य गाण्यात गेलं. कसं म्हणाल, तर मॅनेजर म्हणून. आधी तमाशाच्या फडाचा मॅनेजर, आणि आता, हसू नका, रॉक बँडचा.

मॅनेजरकी म्हणजे खुर्चीत बसून फोन उचलायचं काम असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एक जत्रा करून दाखवावी. स्टेज पूर्वेला तोंड करून असेल तर वारा कुठून येतो, गावात दोन गट असले तर पहिला नारळ कुणाच्या हातून फोडायचा, ठाण्यात परवानगीला गेल्यावर कुठल्या साहेबाला दादा म्हणायचं आणि कुठल्याला सर, कलावंताला किती जेवू घालायचं, हे सगळं मॅनेजरच्या डोक्यात. गहिनीनाथ म्हणायचा, उपाशी कलावंत बेसूर होतो आन् जेवलेला झोपतो, म्हणून दीड भाकरी घालावी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट सुपारी. कार्यक्रम ठरला की गावकरी देवासमोर सुपारी ठेवतात. मॅनेजरनं ती उचलली की संपलं, मग आभाळ कोसळो, पार्टी त्या गावात पोचलीच पाहिजे. गहिनीनाथाचा बाप वारला त्या दिवशीची सुपारी त्यानं उचललेली होती. त्यानं फडाच्या गाड्या गावात लावल्या, कनाती ठोकून घेतल्या आणि मग मोटरसायकलवर बसून बापाच्या मातीला गेला. घरच्यांनी त्याला लई शिव्या घातल्या, आणि त्या त्यानं मुकाट खाल्ल्या.

मग ते लॉकडाऊन आलं. दोन वर्षं जत्रा नाहीत म्हटल्यावर फड बसला तो पुन्हा उठलाच नाही. नाचणाऱ्या बाया घरोघरी गेल्या, ढोलकीवाला रिक्षा चालवायला लागला आणि मॅनेजर मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे जोखत बसला. माणूस वाळत चालला. घरात बोलेना, बाजारात थांबेना. नवऱ्याला कुणी काही केलं की काय म्हणून मनकर्णाबाईनं मढीच्या देवळात जाऊन नवस बोलला.

त्या नवसाचं फळ मिळालं ते देवळाली प्रवराला. पाईप पोचवायला म्हणून तो एका बागायतदाराच्या मळ्यात गेला होता. चहूकडं ऊस, कॅनॉलचं पाणी भरभरून चाललेलं, आणि मळ्याच्या कडेला एक रिकामी कांदाचाळ. त्या चाळीतून असा काही दणका येत होता की गहिनीनाथाला वाटलं थ्रेशर बिघडला. तो बघायला गेला. आत तिघं होती. मळ्याच्या मालकाचा पोरगा ओम गिटार बडवत होता, बेलापूरचा हर्षल ड्रमवर घाम गाळत होता आणि मधे एक काळीसावळी, हडकुळी पोरगी माईक धरून डोळे मिटून उभी होती. ती अश्विनी. तिनं तोंड उघडलं मात्र, गहिनीनाथाच्या खांद्यावरचा पाईप खाली पडला. त्यानं आयुष्यात गाणाऱ्या बाया काय कमी ऐकल्या होत्या? पण हा गळा! खालून निघाला, खरवडत वर आला आणि वर गेल्यावर तिथंच थांबला. आपण कुठं उभे आहोत हेच त्याला कळेना. गाणं संपलं तेव्हा त्याचे डोळे वाहत होते आणि पोरं त्याच्याकडं बघून घाबरली होती.

त्यानं एवढंच विचारलं, की तुम्हाला मॅनेजर आहे का. पोरं फिदीफिदी हसली. त्यांनी तोवर कॉलेजचं गॅदरिंग आणि ओमच्या आत्याच्या घरचं बारसं, एवढंच वाजवलं होतं. बँडचं नाव मात्र ठेवलं होतं झोकात, 'कोरडवाहू'. ते नाव अश्विनीनं दिलं होतं, कारण ती पाथर्डीच्या डोंगराकडच्या करंजदऱ्याची. तिच्या गावाला पाणी म्हणजे टँकरचं. बागायतदाराच्या पोरानं कोरडवाहू नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवायची, ह्यावरून हर्षल ओमला रोज पिडायचा.

तर गहिनीनाथानं ह्या पोरांना हातात घेतलं. रॉक म्हणजे काय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. गिटारला तो 'तुमचं ते तारेचं' म्हणतो. पण कार्यक्रम कसे आणायचे हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं गणपतीची मंडळं आणली, कारखान्याचा वर्धापनदिन आणला, नगरच्या कॉलेजांत घुसवलं, आणि एकदा पुण्याच्या मोठ्या कार्यक्रमात ह्यांना चढवलं. तिथं काळा टी-शर्ट घातलेल्या माणसानं त्याच्या गळ्यात फोटोचं कार्ड अडकवलं. ते कार्ड घालून गहिनीनाथ तिसगावच्या बाजारात भाजी घ्यायला गेला होता. पोरं त्याला मामा म्हणायला लागली. माणूस पुन्हा भरला, बोलायला लागला, घरात उगाच वाद घालायला लागला. मनकर्णाबाईनं नवस फेडला.

पण एक गोष्ट त्याला सरावाची झाली नाही. अश्विनी गायला लागली की त्याला दर वेळी पहिल्यासारखंच व्हायचं. आपण जपतोय ते काय आहे, कुठून आलंय, आणि ते आपल्यासारख्या बेसूर माणसाच्या ओटीत कुणी टाकलं, असा विचार येऊन तो स्टेजमागं गप बसून राहायचा. देवाला भ्यावं तसा तो त्या आवाजाला भ्यायचा.

हा आवाज ज्या घरातून आला तिथं मात्र त्याची किंमत शून्य. अश्विनीची आई भीमाबाई ऊसतोडीला जायची. नवरा मागंच गेलेला, म्हणून भावकीच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून. उसाच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकट्याला अर्धा म्हणतात. अर्ध्या कोयत्यावर तिनं पोरगी नगरला होस्टेलात ठेवून शिकवली, आणि ती पोरगी दोन परक्या पोरांबरोबर गावोगाव आरडत फिरते, हे तिच्या कानावर आलं. भावकीनं बोलून बोलून तिचं डोकं खाल्लं. एक स्थळ आलं. पोरगा निर्व्यसनी, तोडीत तरबेज. वैशाखात लग्न, दसऱ्याला कोयता, असं ठरत आलं.

अश्विनी रडली नाही की भांडली नाही. तिनं मामाला सांगितलं, की आईनं माझं गाणं एकदाही ऐकलेलं नाही, एकदा ऐकू दे, मग ती म्हणेल ते. गहिनीनाथ करंजदऱ्याला गेला. भीमाबाई नुकतीच तोडीवरून परतली होती, अंगणात शेणकुटं थापत बसली होती. तिनं ह्याला बस म्हटलं नाही. ह्यानं आपलं सगळं वजन खर्ची घातलं, की बाई, चैत्रात तुमच्या भैरोबाची जत्रा आहे, आमचा कार्यक्रम तुमच्याच गावात ठेवतो, तुम्ही ऐका, गाव ऐकेल. भीमाबाईनं हातातलं शेणकूट थापलं आणि म्हणाली, "गावानं नाव ठिवलं तर?"

"तर मीच पोरगी तुमच्या दारात आनून सोडीन," गहिनीनाथ म्हणाला. "भैरोबाची आन."

शपथ घेऊन बसला बाबा. जत्रेच्या पंचांचे म्होरके वाल्मिकअण्णा. त्यांच्यासमोर देवळाच्या पायरीवरून त्यानं सुपारी उचलली. आता त्या सुपारीत पोरीचं पुढचं सगळं आयुष्य होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

जत्रेला गाव फुलून आलं. तोडीवरून सगळ्या टोळ्या परतलेल्या, घराघरात माणसं. कार्यक्रम दिवेलागणीला ठेवला होता. गहिनीनाथानं नगरहून भारीतला साउंड आणला, भिंतीएवढे स्पीकर लावले. इतक्या महत्त्वाच्या दिवशी कसर नको असं त्याला वाटलं, आणि तिथंच सगळं फसलं. डोंगराच्या कुशीतलं गाव ते. पहिल्याच ठोक्याला आवाज डोंगरावर जाऊन आदळला आणि दुप्पट होऊन माघारी आला. बारकी पोरं दचकून रडायला लागली, बैलांनी दावी तोडली, देवळावरची पारवळं उडाली ती गेलीच. अश्विनी जीव तोडून गात होती. ती काय म्हणते आहे ते कुणाच्या बापाला कळलं नाही. म्हातारी माणसं कानांवर हात ठेवून उठली, बाया पोरांना घेऊन निघाल्या. मागं पारावर कुणीतरी म्हणालं, की भीमाबाईच्या पोरीच्या अंगात आलंय, लिंबू उतरवा. सगळे हसले. भीमाबाई पुढच्या रांगेत बसली होती. तिनं पदर ओढून घेतला आणि खाली मान घालून घरी गेली.

वाल्मिकअण्णा चांगला माणूस. त्यांनी गहिनीनाथाच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "मॅनेजर, आमाला वाटलं गानं आसंल." एवढं बोलून ते छबिन्याच्या पालखीकडं गेले.

सकाळी गहिनीनाथ देवळासमोरच्या पारावर बसला होता. पिंडाला कावळा शिवेना म्हणून वाट बघत बसावं, तसं तोंड झालं होतं. साउंडवाल्याला बेलापूरला लग्न होतं, त्याचा ट्रक पहाटेच गेला, आणि बेलापूरलाच जातोय म्हणून हर्षलनं आपला ड्रमही त्यातच चढवून दिला होता. ओमजवळ तेवढी गिटार राहिली. विजेशिवाय ती गिटार म्हणजे नुसता डास गुणगुणतोय, आणखी काही नाही. दोघं पोरं चहा पिऊन तिसगावची जीप धरायच्या घाईत होती. तेवढ्यात भीमाबाई पोरीला घेऊन आली. अश्विनीचे डोळे सुजलेले, अंगावर आईचं जुनं लुगडं. भीमाबाईनं गहिनीनाथाला विचारलं, शब्द आठवतो का. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, आठवतो. दिला शब्द तो दिला. पोरगी आईच्या दारात पोचलीच होती, त्याला आणून सोडायचीही गरज उरली नव्हती.

आणि देवळात हलगी कडाडली. हजेरी!

आता हजेरी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण गहिनीनाथानं ते ह्या पोरांना सांगितलंच नव्हतं. जत्रेत ज्यानं सुपारी उचलली, तो तमाशावाला असो, भारुडवाला असो, सनईवाला असो, त्यानं छबिन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवासमोर येऊन आपली कला एकदा दाखवायची. ही फुकटची, देवाची. तिला भोंगा नाही, स्टेज नाही. हजेरी न देता पार्टी गेली तर ती देवाशी खोटी, पुन्हा त्या पट्ट्यात तिला कोण सुपारी देणार? वीस-पंचवीस वर्षं गहिनीनाथानं फडाच्या हजेऱ्या दिल्या होत्या. उद्या सूर्य उगवणार आहे हे कुणी कुणाला सांगतं का? तशी ती त्याच्या बोलण्यातूनच राहून गेली, आणि कालच्या फजितीत त्याच्या स्वतःच्याही डोक्यातून गेली. मॅनेजरकीत केस पिकले आणि मॅनेजर माती खाऊन बसला.

सगळी माणसं देवळाच्या पटांगणात जमली. सनईवाल्यांची हजेरी झाली, वाघ्यामुरळीची झाली. वाल्मिकअण्णांनी नाव पुकारलं, कोरडवाहू पार्टी. ओम आणि हर्षल मामाकडं बघायला लागले, की मामा, हे काय? वाजवायचं कशावर? हर्षल म्हणाला, ड्रम एव्हाना राहुरी ओलांडून गेला असेल. ओमनं गिटार वर धरून दाखवली आणि मान हलवली. गहिनीनाथाला त्या क्षणी जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. त्यानं भीमाबाईकडं बघितलं. भीमाबाई माळकरी, देवाची बाई. हजेरी तिला कळत होती. ती पोरीला नुसतं एवढं म्हणाली, "देवाचं हाय. देऊन ये."

अश्विनी उठली. अनवाणी गेली, पायरीला हात लावला आणि देवाकडं तोंड करून उभी राहिली. गावाकडं तिची पाठ होती. पुढ्यात माईक नाही, मागं ठेका नाही. तिनं तेच गाणं धरलं, जे आदल्या संध्याकाळी डोंगरावर आपटून फुटलं होतं. शब्द तिचे, चालही तिचीच.

*ऊठ गं बाई, चांदणी ढळली,*
*गाडी उभी अन् मोळी राहिली.*
*पाचटात निजलं माझं लेकरू,*
*त्याला थंडी कुणी पांघरली?*

पहिली ओळ झाली तेव्हा पटांगणात कुजबुज चालू होती. दुसरीला ती थांबली. तिसरीला बायांच्या घोळक्यात सगळ्यांच्या माना वर झाल्या. त्या घोळक्यात करंजदऱ्याची एक बाई अशी नव्हती जी पहाटेच्या अंधारात मोळ्या वाहायला उठली नव्हती, आणि एक अशी नव्हती जिनं लेकरू उसाच्या पाचटावर निजवलं नव्हतं. त्यांच्यावर गाणं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. अश्विनीचा गळा खालून खरवडत वर निघाला.

*हात कापला, चिंधी बांधली,*
*कोयता धरला, रांग लागली.*
*रडायचं म्हटलं बसून घटकाभर,*
*तर गं बाई, दिस उगवला.*

काय सांगावं! गहिनीनाथानं फेटे उडताना बघितले होते, शिट्ट्यांनी कनात हललेली बघितली होती. पण भरल्या जत्रेत एवढी माणसं श्वास धरून उभी राहिलेली त्यानं जन्मात बघितली नव्हती. रडकं पोरगंही रडेना. पायरीवरचा भोप्या, देवाचा पुजारी, घंटेची दोरी हातात धरून तसाच राहिला. भैरोबा दगडाचा, पण तोही ऐकत असणार असं गहिनीनाथाला अगदी खरं वाटलं आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले. हे आपण आणलं नाही, आपल्याला फक्त वाट दाखवायला ठेवलंय, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं.

अश्विनी पुन्हा पहिल्या ओळीवर आली आणि तिचा आवाज एकदम भरून आला, अडकला. ती थांबली. तेव्हा मागून गोजरबाई नावाच्या एका म्हातारीनं, जिला तोडीला जाऊन जाऊन कमरेत बाक आला होता, ती ओळ उचलली. ऊठ गं बाई, चांदणी ढळली. मग शेजारच्या बाईनं, मग तिच्या सुनेनं. बघता बघता सगळ्या बाया म्हणायला लागल्या, कुणी वर, कुणी खाली, कुणी रडत रडत. हलगीवाला कल्याण हलक्या हातानं बोटं फिरवायला लागला. हर्षल त्याच्या शेजारी मांडी घालून बसला आणि नुसत्या टाळीवर ठेका धरला. अश्विनीनं तोंड वळवलं आणि गावाकडं बघत राहिली. तिला पुढं गाताच येईना, आणि गाव तर थांबायला तयार नव्हतं.

भीमाबाई तेवढी गात नव्हती. तिचा डावा पंजा तिनं उजव्या हातात धरला होता. त्या पंजाच्या करंगळीचं टोक कोयत्यानं गेलेलं होतं. चिंधी बांधली होती तेव्हा पोरगी तीन-चार वर्षांची असेल, पाचटावर निजलेली. झोपलीय असं भीमाबाई धरून चालली होती. पोरगी झोपलेली नव्हती.

गाणं संपलं. दाद म्हणून टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, हजेरीला तशा वाजवत नाहीत. वाल्मिकअण्णा नारळ घेऊन पुढं झाले, पण त्यांना बाजूला सारून भीमाबाई पुढं गेली. एवढ्या गावासमोर, जिनं कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती त्या बाईनं, पोरीच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग ती तडक गहिनीनाथाकडं आली. तो मान खाली घालून उभा राहिला. दिलेल्या शब्दाचं काय करायचं ते आता तीच सांगणार होती.

"स्थळाच्या पाव्हन्यांस्नी मी सांगते काय सांगायचं ते," भीमाबाई म्हणाली. "तुमी मला येक सांगा. हिचा गळा आतून सोलून निघत आसंल. घशाला गरम पानी देता का न्हाई कुनी?"

ठाण्यातल्या साहेबांना, कारखान्याच्या चेअरमनला, पुण्याच्या काळ्या टी-शर्टवाल्याला, सगळ्यांना गहिनीनाथानं तोंडावर उत्तरं दिली होती. पण असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. दीड भाकरीचा हिशेब करणाऱ्या मॅनेजरला गरम पाण्याचं कधी सुचलंच नव्हतं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. भीमाबाई म्हणाली, मग आता देत जा, रोज, आन् लक्ष ठिवा.

गहिनीनाथ देवळासमोरच्या हॉटेलात धावला. हॉटेलवाल्याला म्हणाला, तांब्याभर पाणी तापव, चांगलं कढत. आणि पाणी तापेपर्यंत चुलीपाशी उभा राहून तो लहान पोरासारखा रडला.